चेहरा जुळत नाही

"चेहरा जुळत नाही. कृपया अर्जदारानेच कॅमेऱ्यासमोर बसावे."

"मग मी कोण आहे?" बाईंनी संगणकाला विचारलं.

पडद्यावरची तांबडी चौकट तेवढी लुकलुकत राहिली. बाईंनी चष्मा काढला, पुन्हा लावला. खुर्ची पुढे ओढली, मागे सरकवली. केस कानामागे घेतले, मग कानापुढे आणले. चौकट तांबडी ती तांबडीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंची मुलाखत होती, आणि ती काही साधीसुधी मुलाखत नव्हती. ज्या विद्यापीठाचं नाव घेताना लोक नकळत आवाज खाली आणतात, तिथे भूशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गासाठी बाईंनी अर्ज केला होता. पदवी घेऊन त्यांना इतकी वर्षं झाली होती, की पुढच्या वर्षी ती तिथल्या नियमाप्रमाणे शिळी ठरणार होती. म्हणजे आत्ता, नाहीतर कधीच नाही. मधली सगळी वर्षं बाई नवऱ्याच्या फोटो स्टुडिओत काउंटरवर बसल्या होत्या. गिऱ्हाईक नसलं की काउंटरखाली पुस्तक उघडायच्या आणि सुट्टीच्या दिवशी गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत जाऊन कपारींची मापं घ्यायच्या. गावाचा समज असा, की बाईंना एकांत आवडतो. त्याच खाणीवर त्यांनी लिहिलेला निबंध विद्यापीठाला पसंत पडला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत घरूनच, संगणकावर होणार होती. आदल्या दिवशी फक्त एक तालीम करायची होती. कॅमेऱ्यासमोर बसायचं, अर्जातल्या फोटोशी चेहरा जुळला की हिरवी चौकट येते, आणि उद्यासाठी दार उघडतं.

"आई, कॅमेरा वाकडा असेल. सरक जरा," म्हणत लेक मधे वाकली. ती कॉलेजात शिकत होती आणि घरातल्या सगळ्या यंत्रांची डॉक्टर होती. तिने कॅमेऱ्याला हात लावायच्या आतच पडदा हिरवागार झाला.

"ओळख पटली. स्वागत आहे."

मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"अर्जातला फोटो उघड," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

फोटो उघडला. कपाळ कसं धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ. डोळ्यांखाली सावलीचं नाव नाही. हनुवटीवरचा तीळ गायब. नाकसुद्धा सरळ, आणि बाईंचं नाक काही जन्मापासून सरळ नव्हतं.

"छान आलाय की गं फोटो," सासूबाई मागून डोकावून म्हणाल्या. "कोण ही?"

आता हा फोटो कोणी काढला हे सांगायलाच नको. बाईंच्या यजमानांना सारं गाव 'कलाकार' म्हणायचं. कलाकाराचा एक नियम होता. फोटोवरून हात फिरवल्याशिवाय तो दुकानाच्या बाहेर जाऊ द्यायचा नाही. गिऱ्हाईक आत येताना जसं असेल तसं असो, बाहेर जाताना पाकिटात त्याची दहा वर्षं वाचलेली असायची. एका मास्तरांनी आपल्याच निरोपसमारंभाचा फोटो बघून विचारलं होतं, "आणि हे पाहुणे कोण?" पण तक्रार मात्र आजवर कोणी केली नव्हती. स्वतःच्या चांगल्या फोटोविरुद्ध तक्रार करणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

खुद्द बाईंनीही केली नव्हती. अर्ज भरताना फोटो हातात आला तेव्हा त्यांना क्षणभर वाटलं, हे जरा जास्तच झालंय. मग दुसऱ्या क्षणी वाटलं, असूही दे. त्या दुसऱ्या क्षणाने घात केला.

"अहो!" बाईंनी जिन्यावरून खाली हाक मारली. स्टुडिओ खाली, घर वर. "इकडे या आधी. साधा फोटो द्या म्हटलं होतं ना मी तुम्हाला?"

कलाकार हात पुसत वर आला. पडद्याकडे बघून त्याचा चेहरा उजळला. "साधाच आहे. प्रकाश बघ कसा पडलाय!"

"ही मी आहे का?"

"म्हणजे काय? दुसरी कोण असणार?"

"संगणक म्हणतो, ही तुमची मुलगी आहे."

"माझ्या मुलीचा फोटो मी काढलाय कुठे?" कलाकार म्हणाला, आणि प्रकरण किती गंभीर आहे ते त्याच्या ध्यानातच आलं नाही.

सासूबाई व्यवहारी होत्या. त्या म्हणाल्या, "मग एवढा जीव कशाला काढायचा? संगणकाला नात आवडलीय, तर बसू दे उद्या तिलाच. घरातलीच तर आहे."

"आजी, मला दगड आणि वीट यांतला फरक कळत नाही," लेक म्हणाली.

"तो लाल रंगावरून कळतो."

बाईंनी विद्यापीठाच्या मदत कक्षाला फोन लावला. पलीकडे एक अतिशय नम्र गृहस्थ होते. इतके नम्र, की त्यांच्याशी बोलताना भांडायलाच जागा मिळेना.

"नमस्कार. चेहरा जुळत नाही," बाई म्हणाल्या.

"कोणाचा, मॅडम?"

"माझा."

"कोणाशी?"

"माझ्याशी."

गृहस्थांनी अर्ज क्रमांक विचारला, पलीकडे काहीतरी खटखटलं. "पण मॅडम, अर्जदार आत्ताच येऊन गेल्या आहेत. त्यांची ओळख पटलेली आहे. त्याआधी मात्र एका अनोळखी बाईंनी बरेचदा आत शिरायचा प्रयत्न केला, अशी नोंद आहे. चष्मा काढून, चष्मा लावून, केस बदलून. आमच्या यंत्रणेने त्यांना तोतया म्हणून नोंदवलंय."

"ती तोतया मीच!"

"कबूल केल्याबद्दल आभारी आहे, मॅडम."

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. पण ज्या बाईने काउंटरवर बसून "उद्या लग्नात घालायचा कपडा अजून शिंप्याकडेच आहे, पण फोटो आज त्यातच काढा" असल्या गिऱ्हाइकांना समजावलं होतं, ती इतक्यात हार मानणारी नव्हती. त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. स्टुडिओ सांगितला, कलाकार सांगितला, तीळ सांगितला. गृहस्थांनी जन्मतारखेपासून निबंधातल्या खाणीच्या खोलीपर्यंत सगळं उलटसुलट विचारून घेतलं. बाईंची उत्तरं जिभेवर तयार होती.

"माहिती सगळी बरोबर आहे," गृहस्थ शेवटी म्हणाले. "चेहरा तेवढा चूक आहे. असं करा मॅडम, आज ऑफिस बंद व्हायच्या आत नवीन फोटो पाठवा. सोबत फोटोग्राफरने सही करून लिहून द्यायचं, की फोटोत काहीही फेरफार केलेला नाही. फोटो बदललेला असेल तर यंत्रणा ओळखते. एवढं झालं की नोंद आम्ही पुसू. नाही झालं तर मात्र मुलाखत रद्द."

"फोटोग्राफर घरातच आहे," बाई म्हणाल्या.

"मग काही काळजीच नाही," गृहस्थ म्हणाले. बिचाऱ्यांना घर माहीत नव्हतं.

स्टुडिओत बाई स्टुलावर बसल्या. कलाकाराने दिवे लावले, बटण दाबलं, आणि फोटो संगणकावर घेतला. बाई त्याच्या खांद्याशी उभ्या राहिल्या.

"हात मागे," त्या म्हणाल्या.

"मी नुसता बघतोय."

"बघतानाही मागे."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. पासपोर्टचे फोटो न्यायला आलेले एक आजोबा होते. बाईंना काउंटरवर जावं लागलं. आजोबांनी स्वतःचा फोटो बघितला, पुन्हा बघितला, आणि खूश होऊन गेले. बाई परतल्या तेव्हा कलाकाराने फोटो पाठवून दिलेला होता, दाखल्यावर सही ठोकलेली होती आणि तो भिंतीवरचं कॅलेंडर अतिशय लक्षपूर्वक वाचत होता.

थोड्या वेळाने नम्र गृहस्थांचा फोन आला. "मॅडम, या वेळी चेहरा बऱ्यापैकी जुळतोय. पण फोटो बदललेला आहे, आणि दाखल्यावर बदललेला नाही असं लिहिलंय. आता हे जरा अवघड होत चाललंय."

बाईंनी फोन ठेवला. "काय केलंत?"

"काही नाही."

"अहो, काय केलंत?"

"एकच," कलाकार कॅलेंडरला म्हणाला. "डोळ्यांखालचं तेवढं काढलं."

"का?"

कलाकार वळला. एरवी बोलघेवडा माणूस, पण आता त्याला शब्द जुळवायला वेळ लागला. "ते काळं तुझं नाही, माझं आहे. रात्र रात्र बसून दुकानाचे हिशेब तू केलेस, मी आपला फोटो रंगवत बसलो. तू शिकायची सोडून माझ्या काउंटरवर बसलीस. ते मी एवढ्या मोठ्या विद्यापीठाला दाखवू? त्यांनी विचारलं, बाई, हे कोणी केलं, तर?"

बाई रागावायला आल्या होत्या, पण राग मधेच कुठेतरी सांडला. इतक्या वर्षांत हे तो पहिल्यांदा बोलला होता. त्यांना रडू आलं, आणि रडलेल्या डोळ्यांनी फोटो आणखीच जुळणार नाही म्हणून त्यांनी ते आवरलं.

"दाखवा," त्या म्हणाल्या. "काही झाकू नका. मला आहे तशीच आत जायचंय. काढा दुसरा."

कलाकाराने दुसरा काढला. तिसरा काढला. प्रत्येक वेळी बटण दाबून झालं की त्याचा उजवा हात आपोआप उठायचा. शेवटी त्याने तो हात डाव्या हातात धरला आणि म्हणाला, "माझ्याच्याने व्हायचं नाही गं. हाताला दुसरं येतच नाही."

"मग माझ्या फोनवर काढू," लेक म्हणाली. तिने काढला. त्यात बाईंचे डोळे बशीएवढे झाले होते आणि गाल गुलाबी. फोनमधली ती गोडवा आणणारी सोय बंद करायला ती धडपडली, पण एक बंद केली की दुसरी चालू व्हायची. सासूबाईंच्या फोनवरही तेच. "माझाही चेहरा त्यात गोड येतो," त्या म्हणाल्या, "मला वाटलं फोनच चांगला आहे." आणि तसंही, दाखल्यावर सही फोटोग्राफरचीच हवी होती.

घड्याळ पुढे सरकत होतं. स्टुडिओत सगळ्यांच्या मनात एकच नाव आलं होतं आणि त्या दुकानात ते उच्चारायची बंदी होती.

"त्याच्याकडे जा," कलाकार स्वतःच म्हणाला.

'तो' म्हणजे समोरच्या फुटपाथवरचा दुसरा फोटोग्राफर. गावात त्याला 'एक्सरे' म्हणत, कारण त्याच्या फोटोत माणसाच्या आतलं सुद्धा दिसायचं. एक्सरे काहीच पुसत नसे. वाढदिवसाच्या फोटोतही माणूस नुकताच पकडून आणल्यासारखा दिसे. एके काळी दोघे भागीदार होते. एका हेडमास्तरांच्या नाकावर चामखीळ होती. कलाकाराने ती फोटोतून काढली, एक्सरेने परत बसवली. कलाकाराने पुन्हा काढली. त्या चामखिळीवरून भागीदारी फुटली, आणि तेव्हापासून दोघे एकमेकांकडे बघतसुद्धा नव्हते. हेडमास्तरांनी दोन्ही फोटो घेतले नाहीत ते वेगळंच.

"तुमचं काय?" बाईंनी विचारलं.

"माझं काय व्हायचंय? मी शटर अर्धं ओढून घेतो. जा तू. आता वेळ नाही."

बाईंनी रस्ता ओलांडला. एक्सरे दारातच उभा होता. समोरच्या दुकानातली बाई आपल्याकडे येतेय हे बघून त्याच्या हातातला चहा हिंदकळला.

"वहिनी! तुम्ही? या या, बसा. काय घेणार?"

"फोटो घेणार. आहे तसा. काही न बदलता. आणि त्यावर तसं लिहून सही हवी."

एक्सरेने सगळी हकीकत ऐकली. ऐकता ऐकता त्याची छाती फुगत गेली. "फेरफार केलेला नाही! वहिनी, हे वाक्य मी जन्मभर लोकांना सांगत आलोय. आज पहिल्यांदा कोणीतरी ते सही करून मागतंय. बसा."

त्याने फोटो काढला, आत गेला, आणि बराच वेळ आतच राहिला. बाहेर आला तेव्हा लाजलेला होता. त्याने फोटो पुढे केला. तीळ नव्हता. कपाळ स्वच्छ होतं. नाक तर कलाकारानेही केलं नसतं इतकं सरळ होतं.

"हे काय?"

"तुमच्या घरातून पहिल्यांदाच कोणी आलं," एक्सरे पुटपुटला. "म्हटलं, त्याने बघितला तर नाव ठेवायला जागा नको. मलाही येतं हो हे सगळं. फक्त मी करत नाही."

आणि बाईंचा संयम सुटला. सकाळपासूनचा सगळा एकदम सुटला. "अख्ख्या गावात एक माणूस नाही, जो मला आहे तशी दाखवेल?" त्या ओरडल्या. "ही सुरकुती माझी आहे! हा तीळ माझा आहे! एवढ्या वर्षांनी मी स्वतःसाठी एक गोष्ट मागितली, आणि जो तो माझ्या चेहऱ्यावरून बोळा फिरवतोय! मला तिथे जायचंय, आणि मी जाणार! समजलं?"

त्यांनी तोंड मिटलं. त्याच क्षणी एक्सरेने बटण दाबलं.

तो फोटो कोणाच्याही स्वप्नात येऊ नये असा होता. कपाळावर आठ्या, ओठ घट्ट आवळलेले, डोळ्यांखाली काळं, हनुवटीवर तीळ आणि नाक होतं तिकडेच झुकलेलं. एक्सरेने दाखल्यावर सही केली. विद्यापीठाचं ऑफिस बंद होता होता नम्र गृहस्थांचा फोन आला. "मॅडम, आता मात्र शंकेला जागा नाही. नोंद पुसली आहे. फक्त एक विचारू? कोणावर रागावला होतात?"

दुसऱ्या दिवशी हिरवी चौकट पहिल्या झटक्यात आली. पडद्यावर समितीचे तिघे होते. मधल्या खुर्चीत विभागप्रमुख बाई, पांढऱ्या केसांच्या, करड्या नजरेच्या. दाराबाहेर कलाकार, लेक आणि सासूबाई कान लावून बसले होते.

"तुमच्या अर्जातला पहिला आणि शेवटचा असे दोन फोटो माझ्यासमोर आहेत," विभागप्रमुख म्हणाल्या. "भूशास्त्राच्या विद्यार्थिनी म्हणून सांगा, या दोन्हींमध्ये किती काळ गेला असावा?"

दाराबाहेर कलाकाराने डोकं धरलं. बाईंनी मात्र श्वास घेतला आणि सरळ सांगितलं, "काळ फारसा गेलेला नाही, मॅडम. पहिल्या फोटोत वरचे थर कोणीतरी खणून नेलेत. दुसऱ्यात सगळे जागच्या जागी आहेत. अभ्यास करायचा असेल, तर दुसराच घ्यावा लागेल."

समितीतले दोघे हसले. विभागप्रमुख हसल्या नाहीत, पण त्यांनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढली. मग खाणीबद्दल बोलणं सुरू झालं. कुठला थर कशावर बसलाय, मधली राखेची पट्टी कुठून आली, मापं घेताना चूक कशी टाळली. त्यांच्या एका मताला बाईंनी विरोधही केला. कपारीतल्या दगडाचा तुकडा कॅमेऱ्यासमोर धरून दाखवला. विभागप्रमुख पडद्याकडे वाकल्या आणि म्हणाल्या, "हे मला तपासून बघावं लागेल." दाराबाहेर सासूबाईंनी विचारलं, "ओरडतेय का ती कोणावर?" कलाकार म्हणाला, "नाही आई. शिकवतेय." आणि त्याने डोळे पुसले.

निकाल लागला. बाईंना प्रवेश मिळाला.

त्यानंतरचे दिवस बाई घरच्यांनाही ओळखू येत नव्हत्या. त्या काउंटरवर गुणगुणायच्या. गिऱ्हाइकांना उगाच सूट द्यायच्या. जिना चढताना कठड्याला हात लावत नव्हत्या. काउंटरची खुर्ची सासूबाईंनी ताब्यात घेतली आणि पहिल्याच दिवशी वसुलीत सुनेला मागे टाकलं. कलाकाराने आणि एक्सरेने एकमेकांकडे बघायला सुरुवात केली होती. बोलणं अजून नव्हतं, पण बघणं होतं.

विद्यापीठात पहिल्या दिवशी कलाकार सोबत गेला, सामान उचलायला. ओळखपत्राच्या खिडकीसमोर मोठी रांग होती. बाईंचा नंबर आला. खिडकीतल्या कारकुनाने ओळखपत्र उचललं, त्यावरचा फोटो बघितला, मग बाईंकडे बघितलं. पुन्हा फोटो, पुन्हा बाई.

"हे तुमचं नाही," तो म्हणाला.

"माझंच आहे."

"मॅडम, रांग मोठी आहे, थट्टा नको. या फोटोतल्या बाई केवढ्या वयस्कर आहेत. केवढ्या रागीट आहेत. तुमच्या थोरल्या बहिणीचं न्यायला आलात का? त्यांनाच यावं लागेल. चेहरा जुळत नाही."

बाईंनी हळूहळू मान वळवून नवऱ्याकडे बघितलं.

कलाकाराने हातातल्या दोन्ही पिशव्या खाली ठेवल्या आणि दोन्ही हात वर केले.

"देवाशप्पथ सांगतो," तो म्हणाला, "या वेळी मी हात लावलेला नाही."